कुंकू कोरडं होतं

ही गोष्ट मी अकरा वर्षं अर्धीच सांगत आलो. जुळे सोलापुरातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ती माझी ठेवणीतली गोष्ट आहे. एका जुन्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम शेजारी शेजारी कशा बसवल्या आणि ते पाहून माझा मित्र काय म्हणाला, एवढीच ती गोष्ट. लोक हसतात. मी मित्राच्या वाक्यापाशी थांबतो, कारण पुढचं सांगण्यासारखं नाही.

गेल्या महिन्यात कट्ट्यानं माझा सत्कार केला. म्हाताऱ्यांना मोबाईल आणि कॉम्प्युटर शिकवतो म्हणून. आमच्याकडे शालीऐवजी चादर देतात. भाषणात मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली, पुन्हा तिथंच थांबलो, टाळ्या झाल्या. घरी येऊन चादर उलगडली. तिच्यावर मोर होता, पायऱ्यापायऱ्यांचा, जेकार्ड मागावर येतो तसा. कागदावरचे चौकोन भरून भरून असा मोर करतात. ते चौकोन भरणारा माणूस माझा मित्र होता. चादर मी घडी न घालताच कपाटात कोंबली. बायको म्हणाली, "अहो, नवी कोरी चादर की!" तिलाही मी पुढचं कधी सांगितलेलं नाही.

मित्र शाळेपासूनचा. घरी तेलुगू बोलणारा, सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. मी जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून झालो, तो मागाच्या कारखान्यात नक्षी काढणारा झाला. चाळीस वर्षं त्यानं आलेख-कागदावर चादरींच्या नक्ष्या काढल्या. एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. पुढं कारखाने कॉम्प्युटरवर गेले, त्याला मोतीबिंदू झाला, आणि त्याचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत गेले. पावसाळ्यात ट्रंकेत ओल शिरली. कागद एकमेकांना चिकटले, रंग पुसट झाले. कुठं लाल होता आणि कुठं नुसता डाग होता हे त्याचं त्यालाच कळायचं.

त्या नक्ष्या वाचवल्या त्याच्या सुनेनं. नवरा भिवंडीला, ही इथं सासऱ्यापाशी. लग्न होऊन आल्यापासून ती विड्या वळायची, त्या गल्लीतल्या सगळ्या बायका वळतात तशी. पण बारावी झालेली होती, आणि माहेरी असताना तिनं कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता. एका बंद पडलेल्या कारखान्यातून मित्रानं नक्षीच्या प्रोग्रॅमसकट एक जुना कॉम्प्युटर मिळवला. मग दोन वर्षं रोज दुपारी हा डोळ्यांपाशी कागद धरून सांगायचा, "मूडु एरुपु, ओकटि तेलुपु, रेंडु एरुपु," तीन लाल, एक पांढरा, दोन लाल, आणि ती चौकोन भरायची. शंभरावर नक्ष्या भरून झाल्या. नक्षी पक्की झाली की तो चिकटलेला कागद मित्र चुलीत घालायचा. "मेलेल्याला किती दिवस घरात ठेवायचं बे?" असं म्हणायचा.

दर मंगळवारी मी स्कूटरवरून त्याच्याकडे जायचो. मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या कचेरीत कॉम्प्युटर येऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि ते आधी शिकलेल्यांत मी होतो. त्यामुळं नात्यागोत्यात, शेजारीपाजारी मी कॉम्प्युटरवाला झालो होतो. ही पदवी मला फार आवडायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या पदवीमुळं झालं.

अडचण अशी होती. नक्षीचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. त्या विंडोजवर इंटरनेट धड चालत नव्हतं आणि व्हायरस येत होते. एमआयडीसीतल्या एका कारखानदारानं सुनेच्या दोन नक्ष्या पाहिल्या होत्या. दिवाळीनंतर तो सगळ्या पाहायला येणार होता, आणि पसंत पडल्या तर तिला नक्षीकार म्हणून कामावर घेणार होता. तोवर एखाददुसरी नक्षी मेलवर पाठव, असंही त्यानं सांगितलं होतं. तेव्हा जुनी विंडोज नक्षीसाठी ठेवायची, आणि शेजारी दुसरी, फुकट मिळणारी लिनक्स बसवायची, इंटरनेटसाठी. कॉम्प्युटर सुरू केला की आधी विचारणार, कुठं जायचंय? ही युक्ती मी एका मासिकात वाचली होती. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर एकदा करूनही पाहिली होती. एकदाच.

मी मित्राला समजावलं, "एका घरात दोन बिऱ्हाडं समज. दार एकच, आत गेल्यावर डावीकडं एक, उजवीकडं एक. कुणी कुणाच्या चुलीला हात लावायचा नाही."

"एका म्यानात दोन तलवारी?" तो म्हणाला. "बघ हं साहेब, म्यान फाटंल."

"तुझ्या लग्नानंतर तुझ्या आईनं आणि बायकोनं एका चुलीवर काढलीच की वीस वर्षं!"

"काढली व्हय. पण घर माझं जळलं की बे त्यात!"

हे ते वाक्य. कट्ट्यावर मी इथं थांबतो.

नवरात्रातल्या अष्टमीला दुपारी मी सीडी घेऊन गेलो. मुद्दाम तोच दिवस घेतला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, माग पुसून-सवरून पूजेला लावतात, त्या दिवशी यंत्राला कुणी कामाला लावत नाही. म्हटलं, दसऱ्याला नव्या बिऱ्हाडाचं उद्घाटन होईल. मित्र बाहेरच्या कट्ट्यावर दोन शेजाऱ्यांना माझी कीर्ती सांगत बसला होता. सून माझ्या मागं उभी होती. मी सीडी घातली तेव्हा ती म्हणाली, "काका, आधी सगळ्याची कॉपी काढून ठेवू का? पेनड्राईव्ह हाय माझ्याकडं. धा मिनिटं लागतील."

मी म्हणालो, "काही गरज नाही. मी काय आज पहिल्यांदा करतोय?"

ती पुन्हा म्हणाली नाही. थोरल्या माणसाला दोनदा विचारत नाहीत. चहा ठेवते म्हणून आत गेली.

त्या कॉम्प्युटरच्या डिस्कचे तीन हिस्से होते. पहिल्यात विंडोज, दुसऱ्यात नक्ष्या, तिसरा रिकामा. दुसरा आणि तिसरा मापानं अगदी सारखे. नवी सिस्टिम तिसऱ्यात बसवायची होती. पण सीडीवरच्या प्रोग्रॅमनं हिस्से दाखवले ते वेगळ्याच नावांनी, इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडा. मी काय केलं? वरून ओळी मोजल्या. एक, दोन, तीन. तिसऱ्या ओळीवर आणून ठेवलं, पुसून नव्यानं बसव म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, नक्की का? मी हो म्हणालो.

दुसरी ओळ हिस्स्याची नव्हतीच. ती पुढच्या दोन हिस्स्यांना कवेत घेणाऱ्या कुंपणाची होती. तिसरी ओळ म्हणजे दुसरा हिस्सा. चौतीस वर्षं मी नव्या पोरांना दटावत आलो होतो की ओळी मोजू नका, गट नंबर वाचा, पोटहिस्सा वाचा, एका ओळीनं एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर जाते. आणि स्वतः ओळी मोजल्या. बाहेर माझं कौतुक चाललं होतं, ते ऐकत ऐकत मोजल्या.

सगळं झाल्यावर कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर दोन नावं आली, एकाखाली एक. मी मित्राला हाक मारून दाखवली. त्याला अक्षरं दिसत नव्हती, पण त्यानं पडद्याला हात जोडले. शेजाऱ्यांनीही डोकावून पाहिलं. ते सगळे बाहेर गेल्यावर मी जुनी विंडोज उघडली. दोनच हिस्से दिसत होते. नक्ष्यांचा नव्हता. विंडोजशिवाय जो होता तो रिकामा होता.

मी तो रिकामा हिस्सा चार-पाच वेळा उघडून बंद केला, जणू एखाद्या वेळी काही निघेल. मग कॉम्प्युटर बंद केला. सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "झालं का काका?"

"झालं," मी म्हणालो. "आता दसऱ्यापर्यंत सुरू करू नका. बसू दे जरा."

'बसू दे' म्हणे! सिमेंट होतं का ते? पण तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पूजा होती, यंत्र कुणी सुरू करणारच नव्हतं. त्या घराच्या रीतीचा मी आडोसा घेतला.

तेव्हा मी बोललो असतो तर काय झालं असतं, हे मला नंतर कळलं. पुसलेलं लगेच जात नाही. त्यावर दुसरं लिहिलं गेलं की जातं. थोडं माझ्या नव्या सिस्टिमखाली गेलंच होतं, पण त्याच दिवशी डिस्क काढून जाणकाराकडं नेली असती तर बरंच परत आलं असतं. तेव्हा हे मला पक्कं माहीत नव्हतं. पण शंका आली होती, कारण त्याच मासिकात कुठंतरी तसं वाचलेलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन गेलो. न जाऊन चाललं नसतं. दारातच मित्र म्हणाला, "ये बे, लवकर ये. सकाळपास्नं नक्ष्या कुटं गेल्या ते सापडंना. हिनं तीनदा बघितलं." सून कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिच्या चेहऱ्याकडं मी पाहिलं नाही. कॉम्प्युटरवर आदल्या दिवशीची पूजा तशीच होती. वर झेंडूचा हार, समोर पाच बोटं कुंकवाची, वर चार अक्षता. कॉम्प्युटरच्या डब्याच्या, म्हणजे सीपीयूच्या, जाळीत एक अक्षत अडकलेली होती आणि जाळीच्या कडेला कुंकू लागलेलं होतं.

मी वाकून ते पाहिलं. बोटानं कुंकू पुसलं. आणि विचारलं, "कुंकू ओलं होतं का?"

एवढंच. मी कुणावर आळ घेतला नाही. नुसता एक प्रश्न विचारला. गेली अकरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी नुसतं विचारलं होतं.

मित्रानं सुनेकडं मान वळवली. डोळ्यांना धड दिसत नसलेला माणूस मान वळवतो तेव्हा ती पूर्ण वळवतो, हळूहळू. ती उभी राहिली. म्हणाली, "कोरडं होतं काका. मी मुद्दाम कोरडं लावलं. यंत्र हाय म्हणून."

"असेल," मी म्हणालो. "पण हाताला पाणी असतं, कळत नाही. आत एक थेंब गेला तरी पुरतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला कॉम्प्युटर माझ्यापेक्षा जास्त कळत होता. कुंकवानं एकच हिस्सा बरोबर निवडून पुसला जात नाही, बाकीचं सगळं ठणठणीत राहून, हे तिला कळत नसेल असं मला आजही वाटत नाही. पण समोर सासरा होता आणि सासऱ्याचा शाळेपासूनचा मित्र होता. ती म्हणाली, "नव्या पेठेत एक जण डेटा काढून देतो म्हणतात. तिकडं नेऊ का?"

मी म्हणालो, "आधी मी घरी नेऊन बघतो."

तो डबा मी रिक्षात घालून जुळे सोलापूरला आणला. तीन दिवस ठेवला. त्या तीन दिवसांत मी नक्ष्या शोधल्या नाहीत. नक्षीचा प्रोग्रॅम तेवढा बाजूला काढला, दोन्ही बिऱ्हाडं पुसली, डिस्क पूर्ण कोरी केली आणि नुसती जुनी विंडोज आणि तो प्रोग्रॅम परत टाकला. माझ्या हातून काय झालं होतं हे नव्या पेठेतल्या माणसाला दिसू नये म्हणून. चुकीनं पुसलं होतं ते आता मी जाणून पुसलं. पहिल्या वेळी हात चुकला होता. दुसऱ्या वेळी तो अगदी नेमका चालला.

डबा परत दिला तेव्हा म्हणालो, "डिस्कच गेली होती. विंडोज आणि प्रोग्रॅम, एवढंच वाचलं." मित्र कुणावरही न ओरडता म्हणाला, "जाऊ दे. बाईच्या हातात यंत्र दिलं ही माझीच चूक." सून तिथंच होती. तिनं माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. मी तो प्यालो.

दिवाळीनंतर कारखानदार आला आणि दहा मिनिटांत गेला. कागद चुलीत गेले होते, नक्ष्या माझ्या हातानं. पुन्हा भरायला घेऊ असं सून म्हणाली होती, सासऱ्याला जेवढ्या आठवतात तेवढ्या. तो म्हणाला, नको. पुढच्या एका मंगळवारी मी गेलो तर कॉम्प्युटरवर जुन्या चादरीचा तुकडा झाकलेला होता आणि ती उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसली होती. तेंदूच्या पानावर पत्र्याचं माप ठेवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मला पाहून तिनं सूप बाजूला सरकवलं आणि वाट दिली. "या काका," म्हणाली. आवाजात काही नव्हतं. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मंगळवार मी हळूहळू कमी केले. गुडघे दुखतात, ट्रॅफिक वाढलंय, कारणं होती. मित्र फोनवर म्हणायचा, "काय बे, मोठा माणूस झालास." त्याला मी सांगेन असं मी दर दसऱ्याला ठरवायचो. दोन वर्षांपूर्वी तो गेला. शेवटच्या दुखण्यात मी भेटलो तेव्हा बोटांनी पांघरुणावर काहीतरी मोजत होता. मला तेलुगू आकडे कळतात. तीन, एक, दोन. मी त्याचा हात धरला आणि हवापाण्याचं बोललो.

दहाव्यानंतर भेटायला गेलो. सुनेचे केस कानशिलाला पांढरे झाले होते. अंगठ्याजवळच्या बोटावर दोऱ्यानं पडलेला घट्टा होता. तिनं चहा दिला. मग आत जाऊन एक कागदी पाकीट घेऊन आली. माझी ती सीडी होती, अष्टमीला तिथंच राहिलेली. पाकिटावर, कुठं बसवायचं ते विसरू नये म्हणून, माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'तिसरा हिस्सा'.

"मामांच्या खणात होती," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. "तुमची हाय ना काका?"

"हो, माझीच," मी म्हणालो.

ती समोर उभी होती, पदराला हात पुसत. घरात तिसरं कुणी नव्हतं. सांगायला याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळाली नसती. मी पाकीट शर्टाच्या खिशात घातलं आणि विचारलं, "विड्यांचं काम बरं चाललंय ना?"

"चाललंय की," ती म्हणाली.

त्यानंतर मी दोनदा स्कूटर काढली. एकदा अर्ध्या वाटेवरून परतलो. एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, ती उंबऱ्यावर सूप घेऊन बसलेली दिसली, आणि गाडी वळवली. आता स्कूटर चालवण्याइतकं मलाही धड दिसत नाही, ती मुलानं विकली. रिक्षानं जाता येतं. गेलो नाही. तिथं बोलायचं म्हणून जे मनात घोकलं होतं ते असं होतं:

मुली, तुझं कुंकू कोरडं होतं. तू कॉपी काढू का म्हणालीस, मी नको म्हणालो. नक्ष्या मी पुसल्या, आणि ते कुणाला कळू नये म्हणून पुन्हा एकदा पुसल्या. तुझ्या सासऱ्यासमोर तुला खोटं पाडलं आणि तुझ्या हातचा चहा प्यालो. मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही, पण म्हणायला मी आलोय.